वायरलेस कीबोर्ड निवडताना: डोंगल, ब्लूटूथ आणि मराठी टायपिंग

कीबोर्ड कोणकोणत्या उपकरणांना जोडायचा आहे, याची यादी आधी करावी. कारण वायरलेस कीबोर्डची निवड तिथूनच सुरू होते. एकाच डेस्कटॉपसाठी हवा असलेला कीबोर्ड आणि दिवसभर लॅपटॉप, टॅबलेट व मोबाइल यांच्यात फिरणारा कीबोर्ड या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि दुकानात मात्र दोन्ही एकाच फळीवर मांडलेले असतात.

बाजारातील बहुतेक वायरलेस कीबोर्ड २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. फरक असतो तो जोडणीच्या पद्धतीत. पहिल्या प्रकारात कीबोर्डसोबत नखाएवढा यूएसबी डोंगल, म्हणजे कीबोर्डच्या लहरी पकडणारा रिसीव्हर, मिळतो. तो संगणकाला लावला की काम सुरू होते. सहसा वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही, आणि विंडोज सुरू होण्यापूर्वी बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरायचे असेल तरीही हा कीबोर्ड चालतो. डेस्कटॉपसाठी माझी पसंती म्हणूनच डोंगलला आहे. मात्र स्वस्त कीबोर्डचा डोंगल त्या एकाच कीबोर्डशी कारखान्यात जोडलेला असतो. तो हरवला तर दुसरा डोंगल आणून सहसा भागत नाही. प्रवासात तो कीबोर्डच्या खालच्या बाजूला, सेलच्या झाकणाआड दिलेल्या खाचेत ठेवावा. अक्षरे गळत असतील किंवा दोनदा उमटत असतील, तर आधी सेल बदलून पाहावेत आणि नंतर डोंगलची जागा. यूएसबी ३.० पोर्ट आणि त्याला लावलेली हार्ड डिस्क याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात विद्युत गोंगाट करतात. त्यामुळे डोंगल त्यांच्यापासून दूर, शक्यतो यूएसबी २.० पोर्टमध्ये किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलने टेबलावर आणून ठेवावा.

दुसरा प्रकार ब्लूटूथचा. मोबाइल आणि टॅबलेटसाठी हाच सोयीचा, कारण डोंगल लावायचा तर मोबाइलला ओटीजी अडॅप्टर (यूएसबी उपकरण मोबाइलला लावण्याचा छोटा जोड) लागतो आणि चार्जिंगचा पोर्ट अडतो. जोडणीसाठी कीबोर्डवरील ब्लूटूथची की दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरावी, मोबाइलच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये नवीन डिव्हाइस शोधावे आणि यादीतील कीबोर्डच्या नावावर टॅप करावे. स्क्रीनवर अंक आले, तर ते मोबाइलवर नव्हे, तर जोडायच्या कीबोर्डवरच टाइप करून एंटर दाबायचे असते. बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते. बॅटरी वाचवण्यासाठी हे कीबोर्ड काही वेळाने झोपतात, म्हणून विश्रांतीनंतरचे पहिले अक्षर कधी कधी उमटत नाही.

बहुउपकरणी कीबोर्डवर १, २, ३ अशा जागा दिलेल्या असतात. प्रत्येक जागेवर एक उपकरण एकदाच पेअर करावे. नंतर ती की दाबताच, काही मॉडेलवर एफएन (Fn) या कीसह, कीबोर्ड त्या उपकरणाकडे वळतो. डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही असलेले मॉडेल थोडे महाग पडते, पण घरी डेस्कटॉप आणि बाहेर टॅबलेट वापरणाऱ्याने तेच घ्यावे.

सुरक्षिततेचा मुद्दा दुकानदार सहसा काढत नाही. बॅस्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की काही स्वस्त डोंगल-कीबोर्ड दाबलेली अक्षरे कूटबद्ध न करताच हवेत सोडतात आणि ती दूरवरून वाचता येतात. बँकेचे व्यवहार करायचे असतील तर खोक्यावर एन्क्रिप्शनचा उल्लेख आहे का, हे पाहावे. नसेल तर व्यवस्थित पेअर केलेला ब्लूटूथ कीबोर्ड बरा.

आकाराबाबत थोडक्यात सांगायचे, तर टॅली किंवा एक्सेलचे काम असणाऱ्याने उजवीकडचा अंकांचा पट्टा सोडू नये. इतरांना तो नसलेला कीबोर्ड पुरतो आणि माउसला जागाही मिळते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी मात्र आकाराचा प्रश्न इतका सोपा नाही. कीबोर्ड फक्त कोणती की दाबली एवढेच कळवतो. अक्षर कोणते उमटवायचे, हे संगणक किंवा मोबाइल ठरवतो. त्यामुळे देवनागरी छापलेला कीबोर्ड शोधण्याची गरज नाही. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडली, की इन्स्क्रिप्ट (प्रत्येक देवनागरी अक्षराची की ठरलेली) किंवा फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चारानुसार टाइप करण्याची) मांडणी निवडता येते, आणि विंडोज की व स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते. अँड्रॉइडवर हीच निवड सेटिंग्जमधील ‘फिजिकल कीबोर्ड’ या विभागात करावी लागते. मोबाइलच्या स्क्रीनवरील कीबोर्डला मराठी आहे म्हणून बाहेरून जोडलेल्या कीबोर्डला ती आपोआप मिळेलच असे नाही.

इन्स्क्रिप्टमध्ये ‘ड’ हे अक्षर पीच्या लगतच्या कीवर, ‘ट’ एंटरजवळच्या अवतरणचिन्हाच्या कीवर आणि ‘ॉ’ बॅकस्लॅशवर असतो. घडीच्या आणि अगदी छोट्या कीबोर्डवर कात्री लागते ती नेमकी याच कडेच्या कीजना: त्या अरुंद होतात किंवा एफएनसोबत दाबाव्या लागतात. फोनेटिकवाल्यांना याची झळ कमी बसते, पण इन्स्क्रिप्टवर हात बसलेल्याने असा कीबोर्ड घेण्याआधी दुकानातच तो मोबाइलला जोडावा आणि ‘डॉक्टर’ हा शब्द सलग चार-पाच वेळा टाइप करून पाहावा. बोटे दरवेळी अडखळत असतील तर एक माप मोठा कीबोर्ड मागावा.