सोन्याच्या इलेक्ट्रोडवर बायोटिन बसवायला निघालेल्यांसाठी

एमएस्सीत असताना वाटायचं इलेक्ट्रोकेमिस्ट्री म्हणजे काय, बटण दाबलं की ग्राफ येतो. मग पीएचडीला विषय मिळाला, सोन्याच्या इलेक्ट्रोडवर बायोटिनचा म्हणजे व्हिटॅमिन बी७ चा जेमतेम एका रेणूएवढा थर बसवायचा, आणि पहिले तीन महिने मी नुसती घासत बसले होते. खरंच घासत. २ मिमीची सोन्याची टिकली, ओल्या कापडावर अॅल्युमिनाची पावडर, आधी १ मायक्रॉन मग ०.३ मग ०.०५, हात इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायचा (मराठी ८ नव्हे, मी पहिल्या दिवशी तसं करून सिनियरला हसवलंय). नंतर ०.५ मोलर सल्फ्युरिक अॅसिडमध्ये सीव्ही (सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे व्होल्टेज वरखाली करत करंटचा ग्राफ काढणं) फिरवत राहायचं, एकावर एक रेषा तंतोतंत बसेपर्यंत. सोन्याच्या ऑक्साइडचं परतीचं पीक (ग्राफमधलं टोक) धारदार दिसलं नाही तर पुढे जाऊच नका, परत कापडावर.

बायोटिनच का, तर कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यात अॅव्हिडिन नावाचं प्रोटीन असतं ते बायोटिनला असं पकडतं की सहजी सोडत नाही. रोज ढीगभर कच्चं पांढरं पिणाऱ्यांना त्यामुळेच बायोटिन कमी पडू शकतं. त्याचा भाऊबंद स्ट्रेप्टअॅव्हिडिन, त्याला बायोटिन धरायला चार खोबणी, म्हणजे दोन थरावर अडकल्या तरी उरलेल्यांत तुम्ही अँटिबॉडी वगैरे अडकवू शकता. सेन्सरवाल्यांना हे फार आवडतं.

बायोटिन सोन्याला आपणहून नीट चिकटत नाही. म्हणून आधी सिस्टिअमाइन, त्याचं सल्फरचं टोक सोन्याला धरतं आणि अमाइनचं टोक वर राहतं. रात्रभर बुडवून ठेवायचं, वास भयंकर, बाटली फ्युम हूडमध्येच उघडा. सकाळी मी फेरिसायनाइडमध्ये टेस्ट केली (ते सोन्यापर्यंत पोचलं की करंट देतं, थर आड आला की पीक कमी व्हायला हवं) तर पीक कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं! थर बसलाच नाही असं समजून चार इलेक्ट्रोड परत घासून टाकले. नंतर डोक्यात प्रकाश पडला की अमाइन पाण्यात प्लस चार्ज घेतं आणि फेरिसायनाइड मायनस, म्हणजे थरच त्याला ओढून घेत होता. थर बसला होता, मीच पुसत होते. त्या अमाइनवर बायोटिन लागलं की तो चार्ज जातो आणि मग पीक खाली येतं. त्यामुळे एकच आकडा बघून निकाल लावू नका, घासलेलं सोनं, सिस्टिअमाइन, बायोटिन असे तिन्ही टप्पे एकाच ग्राफवर टाका.

दुसरा घोळ बफरचा, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा. बायोटिन जोडायला एनएचएस-बायोटिन (अमाइनला जोडायला तयार केलेलं बायोटिन) वापरतात, ते मोकळ्या अमाइनशी जुळतं. मी शेल्फवरचं ट्रिस बफर उचललं, कारण पीएच बरोबर होता. ट्रिसमध्येच अमाइन आहे ना! सगळं बायोटिन त्यानेच खाल्लं आणि मला महिनाभर कळलं नाही. फॉस्फेट घ्या. आणि एनएचएस-बायोटिनची बाटली फ्रीझरमधून काढली की तशीच उघडू नका, रूम टेंपरेचरला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं आणि ओल्याने ते मरतं. पावसाळ्यात तर हमखास.

शेवटी स्ट्रेप्टअॅव्हिडिन टाकलं की पीक अजून पडतं आणि माणूस खूश होतो. मीही झाले, पण मीटिंगमध्ये गाईडनी विचारलं की प्रोटीन कुठेही चिकटतं, हे बायोटिनलाच चिकटलं कशावरून? त्यावर उपाय सोपा आहे, स्ट्रेप्टअॅव्हिडिनमध्ये आधीच भरपूर मोकळं बायोटिन मिसळायचं, चारही खोबणी भरल्या की ते थराला धरायला नको. तरीही पीक पडलं तर ते नुसतं लडबडलंय. माझं पहिल्या वेळी तेवढंच पडलं. इलेक्ट्रोड पुन्हा कापडावर.