हॉकीत पुढे जायचंय? आधी वाकायला शिका

माझ्याकडे येणारं पोरगं पहिल्याच दिवशी ड्रॅग-फ्लिक मागतं, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलात भिरकावणं. मी त्याला इथल्या, नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या दाखवतो. चढताना पळायचं, उतरताना चालायचं. उतारावर पळालं की गुडघे बोलायला लागतात.

मग ड्रिबल, म्हणजे चेंडू स्टिकने खेळवत पुढे नेणं. डावा हात स्टिकच्या वरच्या टोकाशी घट्ट, उजवा खाली, सैल. स्टिक फिरवायची ती डाव्या मनगटाने. उजव्या मुठीत ती नुसती फिरू द्यायची. स्टिकच्या गोलसर पाठीने चेंडू खेळता येत नाही, म्हणून हे मनगट पक्कं हवंच. कंबरेतून नाही, गुडघ्यातून वाका. मान खाली गेली की मी समोर बोटं धरतो. किती, ते खेळता खेळता ओरडून सांगायचं.

सामना 15 मिनिटांच्या चार भागांचा, आणि खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. त्यामुळे गंगापूर रोडला रमतगमत मैलोन्‌मैल धावण्यापेक्षा गोलरेषेपासून 23 मीटरच्या रेषेपर्यंत झेप, थोडा दम, पुन्हा झेप.

मिसळ रविवारी. एरवी सरावानंतर अंडी, नाहीतर मोडाची मटकी आणि भाकरी. रात्री मोबाइल आईकडे.

ड्रॅग-फ्लिक? पोट-कंबर मजबूत झाल्यावर. कोवळ्या पोराला रोज शंभर मारायला लावणारा कोच दिसला, तर पोराला सरळ घरी घेऊन या.