आयएनकेटी पेशींच्या घडणीत संकेत कुठे तुटतो, हे कसे शोधावे

एखादे जनुक काढून टाकलेल्या उंदराच्या थायमसमध्ये, म्हणजे टी पेशी घडवणाऱ्या अवयवात, आयएनकेटी पेशी (लिपिड ओळखणाऱ्या टी पेशी) कमी दिसल्या, की दोष टी पेशी रिसेप्टरच्या (लक्ष्य ओळखणाऱ्या पृष्ठभागावरील प्रथिनाच्या) संकेतवहनात आहे असे मानण्याची घाई होते. त्याआधी सीडी४ आणि सीडी८ ही दोन्ही प्रथिने धारण करणाऱ्या डबल पॉझिटिव्ह पेशी, ज्यांच्यातून आयएनकेटी पेशी घडतात, पुरेशा जगतात का, हे तपासावे. आयएनकेटी पेशींच्या रिसेप्टरला लागणारा जेअल्फा१८ हा जनुकाचा तुकडा आपल्या रांगेत बराच मागे असल्याने त्याची व्हीअल्फा१४ या दुसऱ्या तुकड्याशी जोडणी उशिरा होते. पेशी लवकर मेल्या तर रिसेप्टरच तयार होत नाही, मग संकेताचा प्रश्न येतोच कुठे?

मोजणीसाठी पीबीएस-५७ हे लिपिड भरलेला सीडी१डी टेट्रामर (लिपिड दाखवणाऱ्या सीडी१डी प्रथिनाच्या चार प्रती जोडून केलेला, आयएनकेटी पेशींना चिकटणारा रंगीत रेणू) आणि तुलनेसाठी रिकामा टेट्रामर असे दोन्ही वापरावेत. सीडी२४ हे प्रथिन धारण करणाऱ्या शून्य टप्प्यातील, म्हणजे नुकत्याच निवडल्या गेलेल्या, आयएनकेटी पेशी अत्यंत विरळ असतात, म्हणून टेट्रामर लागलेल्या पेशी चुंबकीय मण्यांनी आधी वेगळ्या कराव्यात. बाल्ब/सी जातीचे उंदीर असतील तर एनके१.१ या पृष्ठभागावरील खुणेवरून पेशी वेगळ्या मोजण्यात (गेट लावण्यात) अर्थ नाही, कारण नेहमीचे प्रतिपिंड त्यांच्या पेशींना चिकटतच नाही. तेथे टी-बेट, पीएलझेडएफ आणि आरओआर-गॅमा-टी या जनुके नियंत्रित करणाऱ्या प्रथिनांवरूनच उपप्रकार ठरवावेत.

सामान्य टी पेशींची निवड थायमसच्या अस्तरपेशी करतात. आयएनकेटी पेशींची निवड मात्र शेजारच्या डबल पॉझिटिव्ह पेशी करतात. त्या सीडी१डी वर लिपिड दाखवतात आणि त्याच वेळी दोन्ही पेशींवरील स्लॅम कुलातील रिसेप्टर एकमेकांना भिडून सॅप व फिन या पेशीतील संकेतवाहक प्रथिनांमार्फत दुसरा संकेत देतात. टी पेशी रिसेप्टरच्या तीव्र संकेताने ईजीआर२ हे जनुक-नियंत्रक प्रथिन वाढते, स्लॅममुळे त्याला आणखी जोर मिळतो, आणि ईजीआर२ पुढे पीएलझेडएफ सुरू करते. मोजमापही याच क्रमाने, शून्य टप्प्यावरच घ्यावे. नूर७७-जीएफपी उंदरात, ज्याच्या पेशी रिसेप्टरचा संकेत मिळाल्यावर जीएफपी या प्रथिनाने हिरव्या चमकतात, चमक कमी असेल तर दोष रिसेप्टरच्या आसपास शोधावा. चमक ठीक असून ईजीआर२ कमी असेल तर सॅपकडे पाहावे. ईजीआर२ भरपूर असूनही पीएलझेडएफ नसेल तर दोष ईजीआर२ नंतरच्या पायरीत आहे. केंद्रकातील प्रथिने रंगवण्याच्या द्रावणात जीएफपी गळून जाते, त्यामुळे आधी पॅराफॉर्मल्डिहाइडने पेशी थोडा वेळ स्थिर कराव्यात.

शेवटी मिश्र अस्थिमज्जा कायमेरा करावाच, म्हणजे निरोगी आणि दोषयुक्त अशी दोन्ही अस्थिमज्जा एकाच उंदरात घालावी. माझ्या मते त्याशिवाय निष्कर्ष लिहू नये. सीडी१डी नसलेल्या मज्जेतूनही तेथे आयएनकेटी पेशी घडतात, कारण निरोगी शेजारी लिपिड दाखवतात. तुमच्या उंदरातील दोषही असाच भरून निघाला, तर बिघाड घडणाऱ्या पेशीत नसून तिला निवडणाऱ्या पेशीत आहे.