कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या गाडीची ताकद घाटाच्या हिशेबाने कशी ठरवावी

नाशिकहून कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, जोडून कुठेही निघाले, तरी वाटेत बहुधा एखादा घाट येतोच. मुंबईहून परतताना कसारा, पुण्याच्या रस्त्यावर चंदनापुरी, मालेगावकडे जाताना राहुड आणि सापुताऱ्याला जायचे तर तिथली चढण. त्यामुळे ओढणारी गाडी निवडताना सपाट रस्त्याचा विचार मागे ठेवावा. आपल्या नेहमीच्या वाटांवरचा सर्वांत कडक चढ कोणता हे आधी ठरवावे आणि माणसांनी व सामानाने भरलेली गाडी भरलेल्या कॅरॅव्हॅनसह तो चढ ताशी 40 किलोमीटरने चढेल का, हे कागदावर तपासावे.

हिशेबाला बसण्यापूर्वी गाडीची पुस्तिका उघडावी. आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची मर्यादा दिलेलीच नसते आणि काहींत तर ट्रेलर ओढू नये असे स्पष्ट लिहिलेले असते. तसे लिहिले असेल तर इंजिन कितीही दमदार असले तरी तो विषय तिथेच संपवावा, कारण चासी, मागचे सस्पेन्शन, कूलिंग आणि ब्रेक हे सगळे त्या मर्यादेत धरलेले असते. मर्यादा दिली असेल तर ती ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी आहे की बिनब्रेकच्या, हेही नीट पाहावे.

यानंतर वजन. विक्रेता सांगतो ते वजन बहुतेक वेळा रिकाम्या कॅरॅव्हॅनचे असते. 100 लिटरची टाकी भरली की 100 किलो वाढतात, 150 एएचची इन्व्हर्टर बॅटरी 50 किलोच्या वर जाते, आणि एसी, गॅस, भांडी, अंथरुणे, बाहेर लावायचे सावलीचे कापड व खुर्च्या यांचे वजन कोणी मोजतच नाही. म्हणून प्रवासाला निघताना असते तशी पूर्ण भरलेली कॅरॅव्हॅन भुईकाट्यावर न्यावी. लासलगाव-पिंपळगावच्या कांद्याच्या ट्रॉल्या ज्या प्रकारच्या काट्यावर तोलल्या जातात, तोच काटा इथे चालतो. आधी गाडी जोडलेली असताना एकूण वजन घ्यावे, मग हूक सोडून फक्त गाडीचे घ्यावे आणि दोन्ही पावत्या जपून ठेवाव्यात. पुढचा सगळा हिशेब या दोन आकड्यांवर उभा राहतो.

समजा, भरलेली गाडी 2300 किलो आणि कॅरॅव्हॅन 1200 किलो, म्हणजे एकूण 3500 किलो वजन आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ भागातल्या रस्त्याचा सर्वसाधारण चढ 5 टक्के आणि अपवादात्मक ठिकाणी 7 टक्के धरलेला आहे, पण जुन्या वळणांच्या आतल्या बाजूला चढ याहून कडक लागतो, म्हणून 10 टक्के धरणे मला सुरक्षित वाटते. 10 टक्के चढावर वजनाचा दहावा भाग, म्हणजे 350 किलोचा जोर, गाडीला सतत मागे खेचत असतो. टायरचा रोध वजनाच्या दीड टक्का धरला तर त्यात सुमारे 50 किलोची भर पडते आणि एकूण 400 किलोचा जोर होतो. या जोराला ताशी वेगाने गुणून 270 ने भागले की चाकांपाशी लागणारी ताकद पीएसमध्ये, म्हणजे अश्वशक्तीत, मिळते. 400 गुणिले 40 भागिले 270, म्हणजे सुमारे 59 पीएस. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये साधारण 15 टक्के ताकद खर्च होते असे धरल्यास इंजिनकडून 70 पीएस हवेत. चढ किती ताकद खातो याची कल्पना यायला कसारा-इगतपुरी रेल्वेमार्ग पाहावा. तिथला चढ 37 मीटरला 1 मीटर, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास आहे, तरीही चढणाऱ्या गाड्यांना बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिने जोडावी लागतात.

आता 70 पीएस हा आकडा पाहून 75 पीएसची डिझेल गाडी पुरेल असे वाटेल, पण कॅटलॉगमधली ताकद इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांवर मिळते आणि घाटात इंजिन तितके फिरवत राहणे त्याच्या प्रकृतीला मानवत नाही. त्यासाठी टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, पाहावा. न्यूटन मीटरमधला टॉर्क मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून 7000 ने भागला की त्या फेऱ्यांवरचे पीएस कळतात. 210 न्यूटन मीटरचे इंजिन 2200 फेऱ्यांवर 66 पीएस देते, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही ते थोडे कमीच पडते. 340 न्यूटन मीटरचे इंजिन त्याच फेऱ्यांवर 107 पीएस देते आणि निवांत चढते. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद समुद्रसपाटीपासून दर 100 मीटरला सुमारे एक टक्का घटते, त्यामुळे नाशिकच्या उंचीवर पाच-सहा टक्के आधीच गेलेले असतात. माझ्या मते घाटांच्या मुलखात कॅरॅव्हॅनसाठी टर्बो डिझेलच घ्यावे आणि हिशेबाने आलेल्या गरजेवर निदान तिसरा हिस्सा ताकद शिल्लक असावी.

सपाट आग्रा रोडवर चढ नसला तरी कॅरॅव्हॅनचे रुंद तोंड वारा अडवते. वेग ताशी 80 वरून 100 केला की वाऱ्याविरुद्ध लागणारी ताकद जवळपास दुप्पट होते, म्हणून 80 च्या आतच राहावे.

ताकद पुरली तरी गाडीचे स्वतःचे वजन पुरले पाहिजे, आणि ही गोष्ट मी ताकदीहून मोठी मानतो. हलक्या गाडीला जड कॅरॅव्हॅन वळणावर किंवा ट्रकने ओलांडताना हलवू लागते आणि मग चालकाच्या हाती फार थोडे उरते. कॅरॅव्हॅन ओढण्याची जुनी सवय असलेल्या ब्रिटनमध्ये नवख्यांना भरलेल्या कॅरॅव्हॅनचे वजन रिकाम्या गाडीच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवण्याचा सल्ला दिला जातो. 1200 किलोच्या कॅरॅव्हॅनला या हिशेबाने निदान 1412 किलोची गाडी लागते. आपल्या रस्त्यांवर मी 70 टक्क्यांपुढे जाऊ नये असे म्हणेन. हुकावर येणारा भार कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या 5 ते 7 टक्के, म्हणजे इथे 60 ते 84 किलो असावा. तो मोजायला कॅरॅव्हॅन सपाट जागी, चाकांना अडसर लावून उभी करावी आणि जोडणीच्या तोंडाखाली हुकाच्या उंचीचा लाकडी ठोकळा घरातल्या वजनकाट्यावर उभा ठेवावा. भार कमी भरला तर जड सामान एक्सलच्या थोडे पुढे सरकवावे. मागच्या टोकाला जड वस्तू ठेवल्या तर कॅरॅव्हॅन शेपटासारखी डुलते.

उताराचा हिशेब लोक विसरतात. 3500 किलोचे वजन 300 मीटर खाली उतरते तेव्हा 30 लिटर पाणी उकळायला लागेल इतकी उष्णता कुठेतरी जावी लागते, आणि ती सगळी ब्रेकवर गेली तर ब्रेक तापून धरेनासे होतात. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो त्याहून वरच्या गिअरमध्ये उतरू नये, आणि 750 किलोच्या वरची कॅरॅव्हॅन स्वतःच्या ब्रेकशिवाय घेऊच नये. ट्रेलरलाही आरटीओची स्वतंत्र नोंदणी लागते, ती आणि विमा निघण्याआधी पुरा करावा.

लांबच्या प्रवासाआधी सगळे भरून, वर्दळ नसलेल्या चढावर एकदा थांबून पुन्हा निघून पाहावे. मागे कोणी नाही याची खात्री करून हँडब्रेकवर गाडी धरावी आणि पहिल्या गिअरमध्ये निघावे. क्लच फार वेळ घसरवावा लागला, जळका वास आला किंवा तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडून वर गेला, तर हिशेब कागदावर जुळत असला तरी कॅरॅव्हॅनमधले वजन कमी करावे किंवा मोठ्या टॉर्कची गाडी शोधावी.