ईमेलने पॅच पाठवण्याआधी

सोलापुरात बसून लिनक्स कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाची फाइल, पाठवायचा असेल, तर गिटच्या एका कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) एकच बदल ठेवा. दुरुस्ती आणि मोकळ्या जागांची साफसफाई एकत्र आली की तपासणारा वैतागतो, आणि ते रास्तच आहे.

कमिटच्या संदेशात मथळा थोडक्यात, मग रिकामी ओळ, मग कारण: काय बिघडत होतं, या बदलाने ते का सुटतं. ओळी 75 अक्षरांत मोडा. ‘गिट कमिट -एस’ने साइन्ड-ऑफ-बाय ओळ येते, म्हणजे हा कोड देण्याचा हक्क मला आहे अशी तुमच्या नावाची ग्वाही. हा एस लहान हवा. मोठा एस म्हणजे जीपीजी सही, ती वेगळी डिजिटल सही.

तीन कमिट असतील तर ‘गिट फॉरमॅट-पॅच -3 --कव्हर-लेटर’; त्याने पॅचच्या फायली आणि प्रस्तावनेची एक फाइल तयार होते. फायलींवर चेकपॅच, म्हणजे कर्नलची लेखनशैली तपासणारी स्क्रिप्ट, चालवा.

खरा घोळ मेलमध्ये होतो. जीमेलच्या वेबपानात पॅच चिकटवला की टॅबचे स्पेस होतात, लांब ओळी तुटतात. जेकार्ड मागाच्या पंचकार्डात एक भोक चुकलं की चादरीची नक्षी बिघडते, तसंच हे. पॅच मग कोडवर लागतच नाही. म्हणून ‘गिट सेंड-ईमेल’च वापरा, जीमेलसाठी अ‍ॅप पासवर्ड (अशा प्रोग्रामसाठी गूगल देतं तो वेगळा पासवर्ड) घेऊन. आधी स्वतःला पाठवा, आलेला मेल ‘गिट एएम’ने नव्या शाखेवर लावून बघा.

सुधारित पॅच बनवताना ‘गिट फॉरमॅट-पॅच’ला ‘-व्ही2’ द्या. काय बदललं ते पॅच फायलीतल्या तीन आडव्या रेघांखाली (---) लिहा. तो मजकूर कमिटमध्ये जात नाही.