‘पास आऊट’ वापरताना या चुका टाळा

बायोडेटात ‘आय पास्ड आऊट इन 2019’ असं लिहिलं तर पुण्या-नागपूरच्या एचआरला त्यात काही वावगं दिसत नाही. तोच बायोडेटा लंडनला किंवा शिकागोला गेला, की वाचणाऱ्याला आधी दिसतं ते ‘2019 साली मी बेशुद्ध पडलो’. संदर्भावरून तो खरा अर्थ समजून घेईल, पण हसू यायचं ते येणारच.

तिकडे ‘पास आऊट’चा रोजचा अर्थ शुद्ध हरपणं. उन्हात फार वेळ उभं राहून, रक्त बघून, उपाशीपोटी किंवा दारू जास्त झाल्यामुळे. दारूशी तर याचं इतकं सख्य आहे, की ‘ही पास्ड आऊट ॲट कॉलेज’ म्हटलं तर पदवीदान नाही, पार्टी डोळ्यांसमोर येते.

पदवीसाठी ‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ आणि पुढे कॉलेजचं नाव, एवढं पुरतं. ‘आयॅम अ 2019 पासआऊट’ हे नामही इथंच ठेवा, तिकडे ‘2019 ग्रॅज्युएट’ लिहा. बारावीचं सांगताना मात्र जपून. अमेरिकेत हायस्कूल संपलं तरी ‘ग्रॅज्युएट’ चालतं, ब्रिटनमध्ये हा शब्द सहसा विद्यापीठाच्या पदवीसाठी राखलेला असतो. ‘फिनिश्ड स्कूल’ दोन्हीकडे चालेल.

आपला अर्थ मात्र अगदीच हवेतून आलेला नाही, आणि मला तर तो सरसकट ‘चुकीचा’ म्हणणंही पटत नाही. ब्रिटिश लष्करी इंग्रजीत प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणं म्हणजे ‘पास आऊट’च. खडकवासल्याला एनडीएची ‘पासिंग आऊट परेड’ होते, तिथं हा शब्द चोख आहे. फक्त त्या परेडमध्ये उभ्या उभ्या एखाद्या कॅडेटला भोवळ आली, तरी इंग्रजीत तोही ‘पास आऊट’च होतो!

वाटणे हा आणखी एक अर्थ. ‘पास आऊट द पेपर्स’ आणि ‘पास द पेपर्स आऊट’ दोन्ही बरोबर, पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘पास देम आऊट’. ‘पास आऊट देम’ नाही. बेशुद्ध पडण्याच्या अर्थी कर्म लागतच नाही.

सगळ्यात महागात पडणारी गफलत ‘पास अवे’शी होते. ‘पास अवे’ म्हणजे वारणं. शोकसंदेशात ‘युवर फादर पास्ड आऊट’ गेलं तर वाचणाऱ्याला काय वाटेल! उलट चूक आणखी वाईट. मुलाकडे अमेरिकेत गेलेल्या आजोबांना चक्कर आली आणि 911 ला फोन करून कुणी ‘ही पास्ड अवे’ म्हणालं, तर पलीकडच्याला वाटणार की माणूस गेला. तिथं ‘ही पास्ड आऊट’ म्हणायचं आणि श्वास चालू आहे का, तेही लगेच सांगायचं.

आजोबा शुद्धीवर आले की ‘ही केम टू’, ब्रिटनमध्ये ‘ही केम राउंड’. ‘टू’नंतर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं म्हणून आपण ‘हिज सेन्सेस’ जोडायला जातो. ते चूक नाही, पण आज त्याचा जास्त चालणारा अर्थ ‘डोकं ठिकाणावर आलं’ असा आहे, आणि आजोबांना तो आवडणार नाही.