हाताखालचा माणूस ‘कच्चा’ वाटतोय? आधी या चुका टाळा

टीममधला एखादा दोनदा चुकला की साहेबांच्या मनात शिक्का बसतो: ‘हा कच्चा आहे.’ मग त्याच्या प्रत्येक ईमेलवर नजर, दर दोन तासांनी ‘कुठवर आलं?’, आणि महत्त्वाचं काम गुपचूप दुसऱ्याकडे. साहेबांना ही मदतच वाटते. समोरच्याला मात्र कळून चुकतं की आपल्यावर भरवसा उरलेला नाही. तो स्वतःहून काही करणं सोडतो, विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. साहेब म्हणतात, ‘बघा, मी म्हटलंच होतं!’ मँझोनी आणि बार्सू या अभ्यासकांनी १९९८ मध्ये हे चक्र मांडलं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेकदा दोघांचीही नियत चांगली असते.

आपल्याला उशीर झाला की कारण परिस्थिती, त्याला झाला की आळस, असा हिशेब आपण नकळत करतो. म्हणून शिक्का मारण्याआधी विचारा: त्याला माहिती वेळेवर मिळाली होती का? काम नेमकं सांगितलं होतं का?

शिक्का बसलाच असेल, तर एकट्याला बोलवा. ‘तुमचं काम बरोबर नसतं’ असं मोघम बोलू नका. कुठल्या कामात काय राहिलं ते सांगा. मग आपल्या बाजूचंही विचारा: ‘मी सारखा मागे लागतो, त्याने अडचण होते का?’ त्यानंतर एक छोटं पण पूर्ण काम सोपवा, आढाव्याचा दिवस ठरवा आणि मधे विचारू नका. हे शेवटचंच सगळ्यात जड जातं.

दुसरी चूक म्हणजे शांततेला होकार समजणं. ‘काही अडचण?’ ‘नाही सर.’ वाईट बातमी सांगायला माणूस कचरतो, हे रोझन आणि टेसर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० मध्येच दाखवलं होतं. समोर पगारवाढ ठरवणारा असेल तर विचारायलाच नको. त्याऐवजी ‘यात सर्वांत आधी काय बिघडू शकतं?’ असं विचारा. उत्तर आलं की पहिलं वाक्य ‘बरं झालं सांगितलंत’ हे असू द्या. तिथे एकदा आवाज चढला, की पुढची बातमी थेट ग्राहकाकडूनच कळते.

चारचौघांत झापू नका, हे तर सगळ्यांना ठाऊक असतं; राग आला की विसरतं.

आणि तुम्ही हाताखाली असाल तर साहेबांना टाळू नका. त्यांनी विचारायच्या आधी दोन ओळी पाठवा: काय झालं, काय अडलंय, कधीपर्यंत होईल.